शरदाचं ताट: नाशिकच्या हंगामासोबत कोणतं चीज जमतं?

गोदाकाठची

ऑक्टोबरमध्ये चीजच्या ताटात द्राक्षं ठेवू नयेत, निदान नाशिकमध्ये तरी. कोजागिरी तोंडावर आली आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर यंदा मसाला दुधाच्या जोडीला चीजचं ताट करायचं ठरलंय, आणि यादीत पहिलंच नाव निघालं द्राक्षांचं. त्यावरून बराच खल झाला, म्हणून इथे सविस्तर मांडते.

चीज आणि द्राक्षं ही जोडी युरोपातली. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे द्राक्षतोडणीचे दिवस. त्याच सुमारास उन्हाळाभर डोंगरावर चरलेल्या गाई खाली गोठ्यात परततात आणि वरच्या कुरणांवर केलेलं चीज हळूहळू बाजारात यायला लागतं. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं माँ दोर नावाचं चीज तर १५ ऑगस्ट ते १५ मार्च एवढ्याच काळात करतात. स्प्रूसच्या सालीची पट्टी गुंडाळून ते लाकडी डबीत ठेवतात, कारण ते इतकं मऊ असतं की चमच्याने खावं लागतं. त्यांच्या त्या हंगामात द्राक्षं, नासपती, अक्रोड, चेस्टनट पिकतात, म्हणून ती त्यांच्या ताटात येतात. आपल्याकडे याच दिवसांत बागांमध्ये छाटणी चालू असते. मग आपल्या शरदात जे पिकतं तेच आपल्या ताटात का नसावं?

हा विचार माझ्या डोक्यात पक्का बसला तो गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानामुळे. (नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेलच.) दुकान चालवणाऱ्या ताई घटस्थापनेच्या सुमारास दर्शनी फळी पूर्ण बदलतात. बाटलीबंद ऑलिव्ह आणि परदेशी बिस्किटं मागे जातात. पुढे येतात नागलीचे (नाचणीचे) पापड, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, पेरूची वडी, मध आणि टोपलीत त्या आठवड्याचं फळ. चीज बहुतेक भारतातच बनलेलं. चीजच्या चक्कीतून, म्हणजे मोठ्या गोल वडीतून, काप काढून आधी चाखायला देतात. शंभर ग्रॅम घेणाऱ्यालाही तितक्याच आपुलकीने सांगतात की हे कशाबरोबर खा.

तिथे चाखून आणि घरी करून जे मनापासून पटलं ते लिहिते.

पहिला मान शिंगाड्याला. नवरात्रात रविवार कारंज्यावर, भद्रकालीत हातगाड्यांवर उकडलेले काळे शिंगाडे मिळतात. सोलले की आतला गर पांढरा, पिठूळ, किंचित गोडसर. तिकडे चेस्टनट जे काम करतो ते काम आपल्याकडे शिंगाडा करतो. त्याला स्वतःची चव कमी, म्हणून सोबत लोण्यासारखं पसरणारं ब्री किंवा कॅमेम्बर्ट हवं. शिंगाडा कोमट असतानाच मधोमध चिरायचा, त्यावर ब्रीचा छोटा काप ठेवायचा, वरून मिरपूड. शिंगाड्याच्या उबेने चीज कडेने सैल व्हायला लागतं. तेव्हाच उचलायचं. गार शिंगाड्याबरोबर यात काही मजा नाही.

दुसरी ओली भुईमुगाची शेंग. खरिपाचा भुईमूग निघाला की मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा घरोघरी होतात. त्याबरोबर बरेच महिने मुरलेलं गौडा. मुरलेल्या गौडामध्ये दाताखाली बारीक खडे लागतात. ते मीठ नव्हे. चीज मुरताना प्रथिनं सुटी होतात आणि त्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक तयार होतात. खमंग, थोडी टॉफीची आठवण देणारी चव आणि उकडलेला मऊ दाणा, या दोहोंचं फार छान जमतं.

डाळिंबाचे दाणे फेटा किंवा शेळीच्या दुधाच्या ताज्या चीजवर. इथे आंबटगोड रस चीजच्या खारटपणाला आणि तुपकटपणाला कापतो. मालेगाव-सटाण्याकडचा भगवा वाण असेल तर ताटाला रंगही येतो.

सीताफळाने मात्र मला बरंच थांबवलं. ते इतकं गोड आणि सुगंधी असतं की बहुतेक चीज त्यापुढे हरतं. चेडर नको, बुरशीने मुरवलेलं ब्लू तर नकोच. फक्त रिकोटा किंवा मस्कारपोने, म्हणजे ज्यात मीठ जवळजवळ नसतं आणि दुधाची चव शाबूत असते. गर बिया काढून हाताने मोकळा करा, मिक्सरला लावू नका, आणि गरम तर अजिबात करू नका, कडवट होतो.

गिरणाऱ्याचे टोमॅटो, जाड काप, वर हलूमी. हलूमी तव्यावर भाजलं तरी वितळत नाही, पनीरसारखं उभं राहतं. यावर जास्त लिहीत नाही, करून बघा.

तुमच्या घरी काय जमतं ते सांगा. विशेषतः पेठ-सुरगाण्याकडच्या मंडळींनी लिहावं, कारण नागली आणि खुरासणीबद्दल मला अजून बरंच जाणून घ्यायचं आहे.

द्राक्षवेल_दिंडोरी

ताई, द्राक्षांचं अगदी बरोबर लिहिलंत. आमच्याकडं सध्या गोडी छाटणी चालू आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो ती काडी तयार होण्यासाठी, आणि ऑक्टोबरची छाटणी मालासाठी. छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथे, पेस्ट लावायची, म्हणजे सगळे डोळे एकसारखे फुटतात. तिथून थॉमसनसारख्या वाणाला साधारण १२० ते १३० दिवस लागतात. हिशोब केला तर फेब्रुवारी उजाडतो.

सटाण्याकडचे शेतकरी लवकर छाटतात, त्यांचा अर्ली माल दिवाळीच्या पुढेमागे दिसायला लागतो. त्यांची जोखीम मोठी असते. पोंगा अवस्थेत (कोवळी फूट येताना) किंवा फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, जिरतात. या महिन्यात आमची नजर सारखी आभाळाकडं असते.

तुमच्या ताटात द्राक्षाचंच काही हवं असेल तर बेदाणे ठेवा. ते गेल्या हंगामाचे असतात, पण चांगले राखलेले असले तर काही कमी नाही. हिरवट, लांब बेदाणा घ्या. पिवळाधमक दिसतो तो बहुतेक गंधकाची धुरी दिलेला असतो.

गोदाकाठची

@द्राक्षवेल_दिंडोरी दादा, बेदाण्याचं सुचवलंत ते फार छान. मुरलेल्या गौडाबरोबर ठेवते. आणि यंदा छाटणीनंतर आभाळ कोरडं राहो.

सिन्नरकर

धागा आवडला. दोन शंका आहेत. एक, नवरात्राच्या उपवासाला चीज चालतं का? दोन, आमच्या घरी आई-बाबा कट्टर शाकाहारी आहेत. चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात असं त्यांनी ऐकलंय, म्हणून ते हातही लावत नाहीत. खरं काय?

गोदाकाठची

@सिन्नरकर, दुसरी शंका आधी घेते, कारण ती महत्त्वाची आहे.

दूध विरजून त्याची घट्ट दही-कवडी व्हावी म्हणून रेनेट घालतात. परंपरेने ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढलं जातं, तुमच्या आई-बाबांनी ऐकलं ते खरं आहे. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर यांच्या नियमांतच वासराचं रेनेट आहे. त्यामुळे ती दोन्ही शाकाहारी नाहीत, कितीही महाग दुकानातून आणली तरी. पण आज सूक्ष्मजीवांपासून तयार केलेलं रेनेटही सर्रास वापरलं जातं आणि भारतात बनणारं बहुतेक चीज त्याचंच असतं. वेष्टनावर हिरवा ठिपका बघा. सुटं कापून घेत असाल तर विचारा. आमच्या दुकानातल्या ताई प्रत्येक चक्कीपुढे ते लिहून ठेवतात, आणि परदेशी पार्मिजानो वेगळ्या सुरीने कापतात. पनीर, चक्का आणि थेट दुधापासून केलेला रिकोटा यांना रेनेट लागतच नाही. आई-बाबांसाठी तिथून सुरुवात करा.

उपवासाचं म्हणाल तर ते घरोघरच्या रीतीवर आहे. ज्यांच्याकडे दूध, दही, पनीर चालतं त्यांना घरचं मीठ घातलेला चक्का चालायला हरकत नसावी. विकतच्या चीजमध्ये साधं मीठ असतं, सैंधव पाळणाऱ्यांना ते चालणार नाही.

मडगावची_लेक

मी सासरी नाशिकला, माहेर मडगाव. पेरूची वडी असं तुम्ही लिहिलंत ना, आमच्याकडे तिला पेराद म्हणतात आणि नाताळच्या फराळात ती असतेच. ब्राझीलमध्ये हीच वडी ताज्या पांढऱ्या चीजबरोबर खायची पद्धत आहे, आणि स्पेनमध्ये क्विन्स नावाच्या फळाची अशीच वडी मांचेगो चीजबरोबर. म्हणजे पेरू आणि चीज हे नवीन काही नाही.

कृती देते. पिकलेले पेरू चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवायचे. गाळणीतून घासून काढायचे, बी वर राहायला हवं. गर मोजायचा, जितका गर त्याच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर सतत ढवळत राहायचं. आधी पातळ होतं, मग मोठे बुडबुडे येऊन उडायला लागतं. तेव्हा हाताला फडकं गुंडाळा आणि लांब दांड्याचा उलथना घ्या, चटका जबरदस्त बसतो. रंग गडद होत जातो. उलथना तळावरून ओढला की पातेल्याचा तळ क्षणभर मोकळा दिसतो आणि गोळा कडा सोडतो, तेव्हा लिंबाचा रस पिळायचा. दोन मिनिटांनी तूप लावलेल्या ताटात थापायचं. वड्या दुसऱ्या दिवशी पाडायच्या, त्याच दिवशी घाई केली तर सुरीला चिकटतं.

एक सांगते, ऑक्टोबरचा पेरू अजून पावसाळी असतो, पाणी जास्त, गोडी कमी. त्याची पेराद होते पण आटवायला फार वेळ लागतो. थंडी पडल्यावर राहात्याकडचा पेरू येईल तेव्हा करा. आत्ता कच्चट, करकरीत पेरूच्या फोडी मीठ-तिखट लावून चेडरबरोबर खा.

गोदाकाठची

@मडगावची_लेक, किती नेमकं लिहिलंत! पातेल्याच्या तळाची खूण मी वहीत उतरवून घेतली. चेडर आणि करकरीत पेरू माझ्या यादीत नव्हता, आता आहे.

आजीचा_बटवा

एक सावधगिरीचा शब्द. शरद हा पित्तप्रकोपाचा ऋतू. पावसाळ्यात साठलेलं पित्त ऑक्टोबरच्या उन्हाने खवळतं, आणि चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत शरदात दही वर्ज्य सांगितलं आहे. आंबट, खारट, तळलेलं कमी करावं. मुरलेलं चीज हे आंबटही आणि खारटही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी रात्री गच्चीवर बसून भरपूर चीज खाणं योग्य नाही. तुमच्या सीताफळ-रिकोटाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण ते मधुर आणि शीत आहे. आणि हो, संध्याकाळी चांदण्यात बसावं, हेही चरकांनी शरदासाठीच सांगितलं आहे. तेव्हा कोजागिरी जरूर करा.

गोदाकाठची

@आजीचा_बटवा काकू, हे लिहिलंत ते बरं झालं. ताटात माणशी चीज ४०-५० ग्रॅमच्या वर जाऊ देणार नाही, आणि ज्येष्ठांसाठी रिकोटा, पनीर वेगळं ठेवते.

पेठची_नागली

तुम्ही बोलावलंत म्हणून लिहिते. आमच्या भागात, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगराळ पट्ट्यात, आत्ता नागली आणि वरई कापणीला येतात. खुरासणी फुलावर असते. सगळे उतार पिवळे दिसतात आणि मधमाश्यांचा नुसता घोंघाट असतो. त्यामुळे खुरासणीचं नवं बी या महिन्यात मिळत नाही, ते नंतर. दुकानात जी चटणी आहे ती गेल्या वर्षीच्या बियांची असणार. खुरासणीत तेल भरपूर, म्हणून कुटलेली चटणी फार दिवस ठेवली तर खवट वास मारते. घेताना वास घ्या. उत्तम म्हणजे बी आणून घरी मंद भाजा, तडतडायला लागलं की उतरवा, लसूण-लाल मिरची-मीठ घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये ती तेल सोडून चिकट होते.

चीजबरोबर कशी खायची ते आमच्या बचत गटात आम्ही करून पाहिलं. चक्का मीठ घालून फडक्यात आणखी एक रात्र टांगायचा, म्हणजे तो लिंबाएवढे गोळे वळण्याइतका घट्ट होतो. गोळे चटणीत घोळवायचे. बाहेरून काळे, आतून पांढरेशुभ्र. नागलीच्या भाकरीबरोबर द्यायचे. भाकरी आदल्या दिवशीची घ्या, तिचे त्रिकोणी तुकडे करून तव्यावर बिनतेलाचे कडक होईपर्यंत शेका. नागलीची चव मातकट, भाजकी असते. विकतच्या मैद्याच्या बिस्किटाला चव नसतेच, म्हणून लोक त्यावर चीजचा थर चढवतात. नागलीवर थोडंसंच पुरतं.

नागलीचा पापड भाजून घ्या, तळून नको. तळला तर चीजचा तुपकटपणा आणि तेल मिळून तोंड जड होतं.

गोदाकाठची

@पेठची_नागली ताई, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुमचा. चटणीत घोळवलेले चक्क्याचे गोळे कोजागिरीला करणारच. दसऱ्याला सगळ्या डेअऱ्यांमध्ये ताजा चक्का असतो, थोडा श्रीखंडाआधी बाजूला काढायचा. पुढच्या खेपेला दुकानातल्या ताईंनाही तुमची खवटपणाची सूचना सांगते. त्या ऐकून घेतात.

कॉलेजरोडची_आई

माझी मुलं निळ्या डब्यातले क्यूब आणि स्लाइस सोडून दुसऱ्या कशालाही चीज म्हणत नाहीत. हे मुरलेलं, वास येणारं त्यांना कसं द्यायचं? आणि ते ब्लू चीज म्हणजे बुरशीच ना, मुलांना चालते का?

दूधशास्त्र

@कॉलेजरोडची_आई, दुग्धतंत्रज्ञान हा माझा रोजचा विषय आहे म्हणून उत्तर देतो.

क्यूब-स्लाइस म्हणजे प्रक्रिया केलेलं चीज. खरं चीज किसून, त्यात इमल्सिफाय करणारे (स्निग्धांश आणि पाणी वेगळं होऊ न देणारे) क्षार घालून ते गरम करतात, वितळवतात आणि साच्यात ओततात. त्यामुळे चव कायम एकसारखी राहते आणि ते पुढे मुरत नाही. वाईट आहे असं नाही, पण त्यात मीठ बरंच असतं. मुलांसाठी पुढची पायरी कोवळं गौडा किंवा सौम्य चेडर. आधी तेच, पोळीच्या गुंडाळीत किसून. मग तुकडा, सोबत सफरचंदाची फोड. काश्मीर-हिमाचलची नवी सफरचंदं आत्ता बाजारात आहेतच.

ब्लूमधली बुरशी म्हणजे पेनिसिलियम रोकफोर्टी, ब्रीवरच्या पांढऱ्या कवचातली पेनिसिलियम कॅमेम्बर्टी. दोन्ही मुद्दाम घातलेल्या असतात आणि खाण्यायोग्य आहेत. पण म्हणून फ्रिजमध्ये राहिलेल्या पनीरवर किंवा कापलेल्या मऊ चीजवर आपोआप आलेली बुरशी खायची नाही, ती टाकूनच द्यायची. गरोदर स्त्रियांनी ब्री, कॅमेम्बर्ट, ब्लू अशी मऊ, बुरशीने मुरलेली चीज टाळावीत, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो.

आणखी एक, कारण धागा फळांचा आहे. कच्ची पपई, ताजा अननस, किवी आणि ताजं अंजीर यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ही फळं चक्क्यात, रिकोटात कालवून ठेवली तर थोड्या वेळात ते पातळ आणि कडू होतं. शेजारी ठेवून लगेच खाल्लं तर काही होत नाही. शिजवलेल्या फळात हा प्रश्न राहत नाही.

ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी: मुरलेल्या चेडर-गौडामध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळजवळ उरत नाही. बरंचसं निवळीबरोबर (चीज करताना सुटणाऱ्या पाण्याबरोबर) निघून जातं, उरलेलं जिवाणू संपवतात. ताज्या चीजमध्ये मात्र ते असतं.

घोटीचा_डोंगर

दूधशास्त्र, एक विचारायचं होतं. आमच्याकडे डांगी गाई आहेत. पावसानंतर हिरवं गवत खातात तेव्हा लोणी पिवळं येतं, उन्हाळ्यात फिकं. चीजलाही असा ऋतूचा रंग येतो का?

दूधशास्त्र

@घोटीचा_डोंगर, नक्की येतो. हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटिन गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतं. म्हशीच्या शरीरात त्याचं अ जीवनसत्त्वात रूपांतर होऊन जातं, म्हणून म्हशीचं लोणी आणि मोझरेला पांढरंच राहतं. डोंगरी कुरणावरच्या उन्हाळी चीजला युरोपात जास्त भाव मिळतो, त्याचं एक कारण हाच चारा. डांगीचं दूध कमी असलं तरी पावसानंतरच्या दुधाचं थोडं ताजं चीज करून पाहा. विकतचं टेट्रापॅकमधलं दूध मात्र त्यासाठी वापरू नका, ते इतकं तापवलेलं असतं की रेनेटने नीट घट्ट होत नाही.

पिंपळगावकर

वाइनचं कोणीच काढलं नाही अजून? नाशिकचा धागा आहे हा! २००० साली सुला या नाशिकच्या कंपनीची पहिली वाइन बाजारात आली, तेव्हापासून आपल्याकडे निदान पाहुण्यांना विचारायची सवय झाली. माझा अनुभव असा की चीजबरोबर लाल वाइनच हवी हा समज सोडून द्यावा. लाल वाइनमधलं टॅनिन (तुरट घटक) ब्री किंवा शेळीच्या चीजबरोबर तोंडात धातूसारखी चव आणतं. शेळीच्या चीजला सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात ही दोन्ही एकाच मातीत होतात. ब्लूला गोड वाइन, लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) शेनिन. लाल उघडायचीच असेल तर मुरलेल्या गौडासाठी राखून ठेवा.

गोदाकाठची

@पिंपळगावकर, आमच्या गच्चीवर लहान मुलं आणि आजी-आजोबा असतात, त्यामुळे कोजागिरीला वाइन नाही. पण जोड्या लिहून ठेवल्या. न पिणाऱ्यांसाठी डाळिंबाचा ताजा रस, साखर न घालता, फेटाबरोबर फार छान लागतो. ब्लूबरोबर मसाला दूध देऊ नका, केशर-वेलची आणि ब्लूचा वास एकमेकांना मारतात. ब्लूला फक्त मध. दुधाच्या शेजारी ब्रुनोस्ट हे चीज शोभेल. ते मूळचं नॉर्वेचं, चीज केल्यावर उरलेली निवळी तासन् तास आटवून करतात, तपकिरी आणि गोडसर. मुंबईच्या एलेफ्थेरिया या चीज बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रुनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्य मिळालं. खवा आवडणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच घासात आवडतं. त्याचे अगदी पातळ, पारदर्शक काप काढायचे, जाड तुकडा टाळूला चिकटतो.

सिन्नरकर

आई-बाबांनी रिकोटा आणि सीताफळ खाल्लं! बाबांनी वाटी पुन्हा पुढे केली. आता पुढचा प्रश्न. दिवाळीला धुळ्याला बहिणीकडे जायचंय, फराळाच्या डब्याबरोबर चीज न्यायचं आहे. एसटीचा प्रवास, काय टिकेल? आणि घरी आणल्यावर ठेवायचं कसं? माझं गेल्या वेळचं फ्रिजमध्ये घामेजून बुळबुळीत झालं होतं.

गोदाकाठची

@सिन्नरकर, बाबांचं वाचून खूप आनंद झाला.

प्रवासाला फक्त कठीण, मुरलेलं चीज. सहा महिन्यांच्या पुढचं गौडा किंवा चेडर, एकसंध तुकडा, काप केलेला नाही. जितकी कापलेली बाजू जास्त तितकं ते सुकतं आणि घाम सोडतं. बटर पेपरमध्ये गुंडाळा, त्यावर वर्तमानपत्र, मग स्टीलच्या डब्यात. डबा एसटीच्या डिकीत टाकू नका, तिथे दुपारी भट्टी होते. हातातल्या पिशवीत, आणि जमलं तर पहाटेच्या गाडीने. ब्री, फेटा, रिकोटा, शेळीचं चीज नेऊ नका. बेदाणे, पेराद आणि भाजलेल्या नागलीचे तुकडे मात्र आरामात जातील.

घरी ठेवताना प्लास्टिकची घट्ट फिल्म लावली की ओल आत कोंडते, तेच तुमच्या तुकड्याचं झालं असणार. बटर पेपर आणि वरून सैल डबा, भाजीच्या खणात. ब्लू नेहमी वेगळ्या डब्यात, नाहीतर त्याचा वास आणि बुरशी शेजाऱ्याला लागते. खायच्या आधी बाहेर काढायचं, कारण थंडगार चीजला चव नसते. पुस्तकात तासभर लिहितात, तो त्यांच्या हवेचा हिशोब. आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ब्रीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ, कठीण चीजला अर्धा तास.

मडगावची_लेक

मीही दिवाळीला मडगावला नेणार आहे. एवढ्या लांब गौडाच बरं ना?

गोदाकाठची

@मडगावची_लेक, हो, गौडाच. रात्रीची गाडी धरा. आणि दुकानातून घ्यायचं असेल तर नवी चक्की गुरुवारी दुपारनंतर फोडतात, सकाळी गेलात तर आधीच्या आठवड्याचा शेवटचा तुकडा हाती लागेल. तुकडा तुमच्यासमोर कापून मागा, कवचासकट.